पाठ संपल्यावर

वर्गात एखाद्या मुलानं चुकीचं उत्तर दिलं की मी खडू खाली ठेवते आणि त्याला विचारते, "तुला असं का वाटलं?" ही सवय मूळची माझी नाही. बी.एड.च्या काळात माझ्याबरोबर शिकणाऱ्या सात-आठ जणांनी ती मला लावली, आणि तीही बहुतांशी फोनवरून. त्यांच्यातले निम्मे आज शिक्षक नाहीत. मला मात्र वर्ग मिळाला. माझ्या वर्गात जे काही बरं घडतं त्यात त्यांचा वाटा किती आहे, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

चिखलीला मी बी.एड.साठी आले ती २०१९ मध्ये. अमडापूरच्या बाजूचं आमचं गाव. घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. बी.एस्सी. झाले होते, पुढे काय करायचं याचा मी स्वतः फारसा विचार केलेला नव्हता. मुलीच्या जातीला मास्तरकी बरी, असं घरात ठरलं आणि मी फॉर्म भरला. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर परतीच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजवलं, शेंगांतच कोंब फुटले. तरी वडिलांनी फीचे पैसे उभे केले. त्यामुळे निदान नापास व्हायचं नाही, एवढं एकच ध्येय घेऊन मी वर्गात बसत होते. शिकवणं म्हणजे काय, हा प्रश्न मला पडलेलाच नव्हता. विषय येतो, आवाज खणखणीत आहे, फळ्यावरचं अक्षर चांगलं आहे. मग झाले की मी शिक्षक, अशी माझी समजूत होती.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. कधी सज्जता प्रवर्तन, म्हणजे मुलांना पाठासाठी तयार करणं, कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, मग पुन्हा सहा मिनिटं तोच पाठ आणि पुन्हा प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सोबती बसतात. ते सातवीतली मुलं असल्याचं नाटक करतात, आपण शिक्षक असल्याचं. निरीक्षण तक्त्यावर एकमेकांना गुण द्यायचे असतात आणि आम्ही ते सढळ हातानं देत होतो. आज मी तुला छान म्हणते, उद्या तू मला म्हण. सूक्ष्म अध्यापन ही पद्धत वाईट नाही. हात आणि जीभ वळवायला तिचा उपयोग होतोच. पण आमच्या त्या गोडव्यातून कुणाच्या पदरात काही पडत नव्हतं.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतल्या कामाला वीस आठवडे मिळाले आणि स्वतःच्या शिकवण्यावर विचार करणं हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला. आम्ही त्याला चिंतन म्हणायचो, आणि ते वहीत लिहावं लागे. माझ्या वहीतलं चिंतन सुवाच्य अक्षरात असे. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. फलकलेखनाकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.' ही दोन वाक्यं मी किती पाठांखाली लिहिली असतील! वही जमा करायच्या आदल्या रात्री मागच्या दोन आठवड्यांची चिंतनं एका बैठकीत लिहून होत. सगळेच तसं करत होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नाही. विचार न करता विचार लिहिता येतो, हे मी त्या वहीत शिकले.

मोकळेपणानं बोलायला वेळच नव्हता, हेही खरं. चिखलीला रेल्वे नाही. सगळा भरवसा एस.टी.वर. पाठ संपून कुणी काही बोलायला सुरुवात करावी तोवर मेहकरकडच्या गाडीची वेळ झालेली असे, मग उंद्रीच्या, मग आमच्या. मुलींना तर शेवटच्या गाडीवर विसंबून राहणं परवडत नसे. दिवसभरात डोक्यात जे आलं ते स्टँडवरच्या गर्दीत तिथंच सांडून जायचं.

मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत गाड्याच बंद झाल्या.

वर्गाचा व्हॉट्सअॅप गट होताच. वेळापत्रकं, नोट्सच्या पीडीएफ आणि सकाळच्या शुभेच्छा, एवढ्याचसाठी. महाविद्यालयाचे तास गुगल मीटवर सुरू झाले. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ऑनलाइन पाठ घ्यायला लावले. मी माझा पहिला ऑनलाइन पाठ घेतला तो पडद्यावरच्या चौकोनांत बसलेल्या सोबत्यांसमोर. अपूर्णांकांची तुलना हा घटक होता. मी प्रश्न विचारला की उत्तर हजर. सगळं वेळेत संपलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी खुशीत होते. रात्री मला एकटीला एक ध्वनिसंदेश आला. मेहकरकडच्या ताईंचा.

ताई आमच्यात वयानं सगळ्यांत मोठ्या. लग्न झालेलं, दोन मुलं. पूर्वी डी.एड. करून एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी काही वर्षं जवळजवळ फुकट शिकवलं होतं. वर्गात त्या मागं बसत, कमी बोलत. म्हणून त्यांचा संदेश पाहून मला आश्चर्य वाटलं. मागं भांड्यांचा आवाज येत होता. त्या म्हणत होत्या, "पाठ चांगला झाला वं तुहा. पण मले एक सांग, पाचवीतलं लेकरू इतक्या झटक्यात उत्तर देते काय? तुह्या गल्लीत लेकरं असतीन ना? चार जणाईले बसव आन् हाच पाठ त्याइच्यासमोर घे. मंग काय झालं ते मले सांग. तू काय शिकवलं ते नको सांगू, ते काय बोलले ते सांग."

शेवटचं ते वाक्य मला तेव्हा विचित्र वाटलं. पुढच्या दोन वर्षांचं माझं शिक्षण त्या एका वाक्यातून झालं.

ताईंनी तोच निरोप आणखी काही जणांना पाठवला होता. त्यातून सात-आठ जणांचा वेगळा, लहानसा गट झाला. एक दादा सिंदखेडराजाकडचा होता, एक मुलगी देऊळगावराजाची, एक लोणारजवळच्या खेड्यातली, दोघं चिखलीतलेच. त्याला आम्ही नावही दिलं नाही. नियम हळूहळू ठरत गेले. ज्या दिवशी मुलांसमोर काही घेतलं त्याच रात्री तीन मिनिटांच्या आत बोलून पाठवायचं. लिहायचं नाही, कारण लिहिताना आपण सगळेच वहीतल्या भाषेवर जातो. ऐकणाऱ्यानं दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त प्रश्न विचारायचा. सल्ला, कौतुक, अंगठा, काही नाही. मुलांचे फोटो टाकायचे नाहीत आणि इथलं काहीही दुसऱ्या गटावर पाठवायचं नाही. हा शेवटचा नियम लोणारकडच्या मैत्रिणीनं घालून दिला, आणि त्याचं मोल मला फार उशिरा कळलं. आपलं बोलणं बाहेर जाणार नाही याची खात्री असल्याशिवाय कुणी खरं बोलत नाही.

हे सगळं फोनवर झालं म्हणूनच झालं, असं आज वाटतं. दिवसा कुणालाच सवड नसायची. दादा बापाबरोबर शेतात असायचा. त्यांच्या घरात रेंज नव्हती. तो रात्री जेवून माळवदावर चढायचा आणि तिथून बोलायचा. त्याच्या प्रत्येक संदेशात वाऱ्याचा आवाज असे. देऊळगावराजाच्या मुलीकडे स्वतःचा फोन नव्हता, भावाचा मोकळा झाला की अकरानंतर तिचे प्रश्न यायचे. ताई स्वयंपाक उरकता उरकता ऐकत. समोरासमोर बसायचं म्हटलं असतं तर आम्ही सगळे एका वेळी एका ठिकाणी कधीच जमलो नसतो. ज्या वेळी ज्याला जमेल त्या वेळी त्यानं ऐकावं आणि विचार करून विचारावं, ही मोकळीक आम्हाला एरवी मिळाली नसती.

तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरत होती. आमच्या गावात ती पोचायची, पण मुलांच्या हाती फोन कुठे होते? पहिली टाळेबंदी सैल झाल्यावर मी मारुतीच्या पारावर चार-पाच मुलांना अंतर राखून बसवू लागले. तोच अपूर्णांकांचा पाठ घेतला. खडूनं पारावर दोन भाकरी काढल्या. एकीचे दोन सारखे भाग, दुसरीचे तीन. विचारलं, एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश? पाचवीतला एक मुलगा लगेच म्हणाला, "एक तृतीयांश." मी म्हटलं, चूक, आणि दुसऱ्याकडे वळले. दुसऱ्यानं बरोबर सांगितलं, पाठ पुढे गेला.

रात्री मी गटावर बोलले. हेही सांगितलं की एका मुलाला तीन हा आकडा दोनपेक्षा मोठा म्हणून एक तृतीयांश मोठा वाटला; ही नेहमीची चूक आहे, पुस्तकातही तिचा उल्लेख असतो. सकाळी ताईंचा प्रश्न होता, "तू त्याले इचारलं काय, असं काऊन म्हणते तो?" मी विचारलं नव्हतं. कारण मीच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी पुन्हा त्याला गाठलं. तो बकऱ्या घेऊन निघाला होता. विचारल्यावर आधी गप्प बसला, त्याला वाटलं पुन्हा चूक निघणार. मग म्हणाला, "तिघं जेवाले हायेत त भाकर मोठीच लागन ना, मॅडम."

मी ते जसंच्या तसं गटावर सांगितलं. त्यावर माळवदावरून दादाचा प्रश्न आला, "त्याच्या मनातली भाकर आणि तुमच्या मनातली भाकर एकच आहे का?" मी बराच वेळ त्या प्रश्नाशी बसून राहिले. अपूर्णांकांची तुलना करताना पूर्ण वस्तू एकच आणि तेवढीच धरायची, हे गृहीत मी एकदाही उच्चारलं नव्हतं. पुस्तक ते धरून चालतं, मी ते धरून चालले. त्या मुलाच्या घरात मात्र खाणारी तोंडं वाढली की भाकर मोठी थापली जाते. त्याचा हिशेब आकड्यावरून फसलेला नव्हता. त्यानं घरातली खरी भाकर डोळ्यांसमोर आणली होती, माझी खडूची भाकर नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घरून आणलेली एक भाकरच दाखवली. हीच, एवढीच, आणखी पीठ नाही. खाणारे दोघं असले तर? तिघं असले तर? त्यानं क्षणभर पाहिलं आणि हसला. "मंग त अर्धीच जास्त," म्हणाला, आणि लगेच पुढे, "पन माही माय तसं नाई करत."

गणित शिकवताना आजही ते पोरगं माझ्यासमोर असतं. त्याच्यापर्यंत मला ताई आणि दादा घेऊन गेले. मी एकटी असते तर वहीत लिहिलं असतं, 'बहुसंख्य विद्यार्थ्यांनी अचूक उत्तरे दिली', आणि ते वाक्य खोटंही ठरलं नसतं.

परीक्षेसाठी मी शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्युई पाठ केला होता. १९१० मधलं त्याचं 'हाऊ वुई थिंक', विचाराची सुरुवात अडखळण्यातून होते हे त्याचं म्हणणं. डोनाल्ड शॉनचं १९८३ चं पुस्तक, काम करता करता होणारं चिंतन आणि काम झाल्यावरचं चिंतन, हा फरक. ही उत्तरं मला तोंडपाठ होती. पारावरच्या त्या दोन दिवसांनंतर मी पुन्हा नोट्स काढून वाचल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही माणसं माझ्याबद्दल बोलत आहेत. त्याच पावसाळ्यात ताईंनी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' काढलं. रोज थोडं कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित करायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यातला शिक्षक नवे प्रयोग करायला वर्गात शिरतो आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ साफ फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्टीपासून सुरुवात करतो. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या पुस्तकात शिक्षकाचा फसलेला दिवस पहिल्या पानांवर आहे, ही गोष्ट मला फार धीर देऊन गेली. ताईंनी मग ताराबाई मोडकांचं सांगितलं. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून आलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या, पुढे १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम हललं. एकटीनं कुणीच शिक्षक होत नाही, असं ताई त्या रात्री म्हणाल्या. मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटलं होतं.

जानेवारी २०२१ च्या शेवटी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले आणि आम्हाला आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामासाठी, खऱ्या शाळा मिळाल्या. पुढे फेब्रुवारीत अमरावती विभागात रुग्ण वाढले आणि पुन्हा कुलपं लागली. मधले ते थोडे आठवडे मला पुरले. सहावीचा वर्ग होता. तिसऱ्या दिवशी मी गटावर सांगितलं, वर्ग चांगला आहे, दोन मुलं मस्तीखोर आहेत आणि एक मुलगी जरा मंद आहे, काही बोलतच नाही.

या वेळी प्रश्न आला तो लोणारकडच्या मैत्रिणीचा. प्रश्न तरी कसला, विनंतीच होती. "ताई, विशेषणं काढून हाच निरोप परत पाठवाल का?"

मी परत बोलायला बसले. 'मंद' काढलं तर काय उरतं? ती दुसऱ्या बाकावर भिंतीकडून बसते. तिच्याजवळ गणिताचं पुस्तक नाही. शेजारणीच्या पुस्तकात पाहायला ती वाकते. मी प्रश्न विचारते तेव्हा ती शेजारणीकडे बघते. इतकं सांगून माझ्याजवळचं संपलं. तिनं वहीत काय लिहिलं, फळ्यावरचं तिला दिसतं की नाही, टाळेबंदीत ती कुठे होती, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. माझ्या त्या एका शब्दाखाली माझंच अज्ञान झाकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाकाजवळ खाली बसले आणि वही पाहिली. फळ्यावरची उदाहरणं तिनं उतरवली होती, आकडे जागोजाग चुकलेले, पण रीत बरोबर. एकच्या जागी सात, तीनच्या जागी आठ. तिला फळा दिसत नव्हता. मी तिला पुढे बसवलं आणि वर्गशिक्षकांच्या कानावर घातलं. पुढे शाळा बंद झाली, तिला चष्मा मिळाला की नाही हे मला कळू शकलं नाही.

त्यानंतर गटात विशेषणं बंद झाली. हुशार, ढ, आगाऊ, गरीब बिचारा, काही नाही. जे झालं तेवढंच सांगायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. महिनाभर आम्ही सगळेच अडखळत बोलत होतो. पण बोलणं जसजसं उघडं होत गेलं तसतसं दिसणंही बदललं. मुलाच्या हातात काय होतं, तो कुणाकडे पाहत होता, उत्तर देण्याआधी किती थांबला, हे आधी आमच्या नजरेला येतच नव्हतं.

एप्रिल-मे २०२१ विषयी मला फार लिहवत नाही. देऊळगावराजाच्या मैत्रिणीचे वडील दुसऱ्या लाटेत गेले. आम्ही कुणी भेटायला जाऊ शकलो नाही. गट गप्प होता. कुणीतरी श्रद्धांजलीची चित्रं टाकायला सुरुवात केली तेव्हा ताईंनी ती थांबवली आणि रोज रात्री पाळीपाळीनं एकेकानं तिला फोन करायचा असं ठरवलं. ती बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर तसंच थांबायचं. प्रश्न विचारून थांबायची सवय आम्हाला पाठांवरून लागली होती, ती इथं उपयोगी पडली. काही आठवड्यांनी तिचा गटावर पहिला संदेश आला तो शेजारच्या दोन मुलींना बाराखडी शिकवताना काय झालं याचा होता. आम्ही नेहमीसारखे प्रश्न विचारले.

सगळं गोडच होतं असं म्हणणार नाही. आमच्यातला एक जण मधेच निघून गेला. त्याच्या एका पाठावर तिघांचे प्रश्न पाठोपाठ आले आणि त्याला ती उलटतपासणी वाटली. समोर असतो तर आमच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असतं. फोनवर नुसता प्रश्न जातो. त्यानंतर आम्ही एका पाठाला एका दिवशी दोनच प्रश्न असं ठरवलं, पण तो परत आला नाही. आमच्या मॅडमना गटाबद्दल कळलं तेव्हा हे प्रकल्प म्हणून सादर करा, गुण मिळतील, असं त्या आपुलकीनं म्हणाल्या. ताईंनी नम्रपणे नकार दिला. मला तेव्हा गुण हातचे गेल्याची हळहळ वाटली होती. आता वाटतं, ताई आम्हाला वाचवत होत्या. गुण आले असते तर आमचं बोलणंही वहीतल्या चिंतनासारखंच झालं असतं. माझं तर ठाम मत झालं आहे की छात्राध्यापकांना एकमेकांशी बोलायला वेळ द्यावा, जागा द्यावी, पण त्यावर शिक्का मारू नये.

बी.एड. झालं आणि आम्ही पांगलो. २०२१ची शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी, मी नापास झाले. त्या वेळी मी अभ्यास सोडूनच देणार होते. घरी स्थळं पाहणं सुरू झालं होतं. दादानं रोज रात्री साडेनऊला बालमानसशास्त्राचा अर्धा तास ठरवला आणि मी नाही आले तर फोन करून उठवायचा. पुढे केंद्राची तशीच परीक्षा, सीटीईटी, निघाली. २०२३ मध्ये शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी झाली, भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरले, २०२४ मध्ये मला शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. सोळा हजार रुपये मानधन. ते आधीच्या सहा हजारांवरून त्याच्या आदल्या वर्षीच वाढलं होतं. वडिलांनी आदेशाची प्रत गावात सगळ्यांना दाखवली.

चाचणीत ताईंना माझ्याहून जास्त गुण होते. त्यांच्या विषयाला आणि प्रवर्गाला जागा निघाली नाही, आणि आता भरतीची वयोमर्यादा त्यांनी ओलांडली आहे. दादा तीनदा थोडक्यात हुकला. तो आता बी-बियाण्यांच्या दुकानात बसतो, खरिपाच्या दिवसांत त्याला जेवायलाही फुरसत नसते. नेमणूक झाली त्या दिवशी गटावर सांगायला मला धीर होत नव्हता. सगळ्यांत आधी त्या दोघांचेच फोन आले. ताई म्हणाल्या, "आता तरी रोज सांगत जाशील ना वं, लेकरं काय बोलले ते? आमच्यापाशी आता लेकरं नाईत."

त्यांनी मागितलं तेवढं मी देऊ शकले आहे असं मला म्हणता येत नाही. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी यांत दिवस संपतो, कधी आठवडा-आठवडा माझा संदेश जात नाही. मग ताईंचा येतो, त्यात नुसतंच 'हं?' असतं.

यंदा आमच्या शाळेत दोन छात्राध्यापिका आंतरवासितेसाठी आल्या आहेत. त्यांच्या वह्या मी पाहिल्या. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, असंच त्यांत लिहिलेलं. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. पाठ झाल्यावर मधल्या सुट्टीत आम्ही तिघी पायरीवर बसतो आणि मी विचारते, मुलं काय बोलली? परवा त्यांच्यातल्या एकीनं सांगितलं की सहावीतल्या एका मुलीनं ऋण संख्यांचा तास चालू असताना विचारलं, उसनं घेतलेलं परत केलं की शून्य होतं, मग घेतलंच नव्हतं तेव्हाचं शून्य आणि हे शून्य सारखंच का? छात्राध्यापिकेनं तिला हो म्हणून गप्प केलं होतं. तिच्या परवानगीनं मी ते गटावर सांगितलं. ताईंचा प्रश्न त्याच रात्री आला, त्या मुलीच्या घरी कुणी उसनवारी केली आहे का, हे हळूच पाहा म्हणून. दादाचा प्रश्न दुकान बंद झाल्यावर उशिरा आला. तो विचारतो आहे की संख्यारेषेवर ही दोन शून्यं एकाच ठिकाणी आहेत हे दाखवून तिचं समाधान होईल, की तिचा प्रश्न तिथं पोचायच्या वाटेबद्दल आहे? मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही. सोमवारी सहावीचा पहिला तास त्या छात्राध्यापिकेचा आहे. तो आम्ही दोघी मिळून घेणार आहोत आणि त्या मुलीलाच आधी बोलू देणार आहोत.